सव्वा मूठ गहू

उषाबाईंच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जून आहे आणि ती खोटी आहे. हे त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. शिरपूरकडच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांना विचारलं, पोरगी कधीची? वडील डोकं खाजवत राहिले. गुरुजींनी मग त्या साली आलेल्या सगळ्याच पोरांना एक जून देऊन टाकला. "आमचा अख्खा वर्ग एका दिवशी जन्मला," उषाबाई म्हणतात, "दाई बिचारी किती पळाली असेल!"

पण खोट्या तारखेलाही माणसं खरी भेटतात. सुरतेत नवागामला साड्यांवर खडे चिकटवायच्या कारखान्यात उषाबाई चौदा वर्षं बसतायत. तिथल्या पोरींनी कार्डावरची तारीख बरोबर हेरली. यंदा एक जूनला परभणीच्या पल्लवीने पंख्याखालची आपली जागा त्यांना दिवसभर दिली. सुरतेच्या उन्हाळ्यात पंख्याखालची जागा सोडणं म्हणजे काय, ते तिथे बसणाऱ्यालाच कळतं. दुपारी कुणीतरी गरम खमण आणलं. शेठने चहा पाजला, तोही पूर्ण कप. उषाबाईंना या गोष्टी विसरता येत नाहीत. पुढचे आठ दिवस पल्लवीच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा जात राहिला. कुणी प्रेमाने काही केलं की रिकाम्या हाती गप्प बसायचं, हे या बाईला जमतच नाही.

खरा वाढदिवस त्यांना ठाऊक आहे. फक्त त्याला तारीख नाही. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, त्याआधी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात, तो दिवस. रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचे. ते दळून रोट करायचे, आणि ते भाऊबंदांतच खायचे. उषाबाईंची आई गहू निवडत असतानाच तिला कळा सुरू झाल्या. वडिलांनी मोठ्या आशेने एक मूठ जास्तीची काढून ताटलीत ठेवली. मुलगी झाली. ताटली पुन्हा पोत्यात उपडी केली गेली.

हा किस्सा उषाबाई दर श्रावणात गहू निवडताना सांगतात, स्वतःच आधी हसतात आणि मग सगळ्या बायका हसतात. हसत नाहीत त्या एकट्या मंगलाबाई. पण मंगलाबाई या उषाबाईंच्या मोठ्या जाऊ, आणि त्या कशालाच हसत नाहीत. वीस वर्षांत त्यांनी उषाबाईंच्या पोळीला एकदाही बरं म्हटलेलं नाही.

नवरा मगन होता तोवर त्याच्या नावाने मूठ पडायची. मगनला जाऊन सहा वर्षं झाली. घरात उरल्या दोघी, उषाबाई आणि लेक सोनाली. मग मोजायचं कुणाला? सहा वर्षं जेठांच्या, म्हणजे मंगलाबाईंच्या घरी जाऊन उषाबाई गहू निवडतात, पुरण वाटतात, रोट भाजतात. मोजायची वेळ आली की पाणी आणायच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभ्या राहतात. कानबाईपुढे आपल्या घराची एक मूठ पडावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते मागायला मात्र जीभ रेटली नाही.

यंदा सोनाली भडकली. ती कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात पाकिटं भरते आणि आईसारखी तोंडात मूग धरून बसत नाही. "मम्मी, जिथे आपली गणतरीच नाही तिथे राबायला कशाला जायचं? ते पण तुझ्या बर्थडेला?"

"कानबाई माझीपण आहे," उषाबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. सोनाली पाय आपटत मागोमाग आली.

जेठांच्या खोलीत पाटावर पितळी परात मांडली होती. जेठ गजेंद्र यांनी नावं घ्यायची आणि मंगलाबाईंनी मुठी टाकायच्या. पहिली मूठ गजेंद्र यांची, मग मुलांची, भावाची, पुतण्यांची. शेवटी त्यांच्या मुलाच्या, चेतनच्या, तीन महिन्यांच्या पोराची. पोर पाळण्यात ढाराढूर झोपलं होतं. उषाबाईंनी नेहमीसारखं मोरीत जाऊन बादलीवर नळ सोडला.

"सात," गजेंद्र म्हणाले. "झाये."

मंगलाबाईंचा हात पुन्हा पोत्यात गेला. त्यांनी एक भरगच्च मूठ आणली, वर चिमूटभर घातले आणि परातीत सोडले.

"हाई मूठ कोनी?" गजेंद्र यांनी विचारलं.

"उषानी."

 मोरीत बादली भरून वाहत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"बाईनी मूठ? आपली अशी रीत नही."

"रीत माले म्हाईत शे," मंगलाबाई हात झटकत म्हणाल्या. "तिना हातना रोट मातेले चालतस, मंग तिनी मूठ काबर नही चालस? आनि आज तिना वाढदिवस शे. माले केक येत नही, मूठ येस."

गजेंद्र यांनी परातीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्या चेहऱ्याशी वाद घालून त्यांचं आजवर कधी भलं झालं नव्हतं. "आठ," ते म्हणाले.

सोनालीने पुढे होऊन नळ बंद केला. उषाबाई पदराने तोंड दाबून रडत होत्या. त्यांना फार आनंद झाला होता आणि भयंकर लाजही वाटत होती. मंगलाबाई करवादल्या, "रडू नको आते, गहू वल्ला व्हतीन. दळाले बठ."

दळता दळता उषाबाई हिशेब करत होत्या, याची फेड कशाने करायची? कळण्याच्या भाकरीने नाही, लुगड्याने नाही. काहीच पुरेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट तशीच ठेवून घ्यायची ठरवली.

संध्याकाळी त्यांनी गावी आईला फोन लावला. आई पंच्याहत्तरीची, कानाने मंद, पण कानबाईचं काही असलं की तिला बरोबर ऐकू येतं.

"माय, आज आठ मुठी पडन्यात."

"आठवी कोनी?"

"मनी," उषाबाई म्हणाल्या. माझी.

  मग आईचा थकलेला आवाज आला.

"उषे, मी ती ताटली इसरनू नही वं. आते कोनले परत पोतामा टाकू देऊ नको."

"दळाई गयात, माय," उषाबाई म्हणाल्या. "आते कशा परत जातीन?"