कोतवाल बुकात नसलेला जन्म

ती पितळेची डबी आजही डोळ्यांसमोर येते. चुन्याची, बोटभर उंचीची, एका बाजूला चेपलेली. नोकरीत चोऱ्या-दरोड्यांचे ढीगभर तपास केले, पण कुणी आठवण विचारली की मी या डबीचीच सांगतो. कारण या तपासात मी तोंडघशी पडलो होतो, आणि मला उठवून उभं केलं ते दोन बायकांनी.

तेव्हा मी वणीच्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा होता. सकाळीच एका शेतकऱ्याचा फोन आला. पडक्या विहिरीतला गाळ काढताना कवटी आणि हाडं निघाली होती. विहिरीला कठडा नव्हता, तोंडाशी झुडपं माजलेली. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. हाडांवर माराची खूण नव्हती. सोबत निघाली ती ही डबी.

जिल्ह्यातल्या ठाण्यांमधून बेपत्ता माणसांच्या नोंदी मागवल्या. येवल्याकडचा एक विणकर काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांबरोबर पायी वणीच्या देवीला निघाला होता, तो परतलाच नव्हता. त्याच्या बायकोला बोलावलं. बाई पैठणीच्या मागावर कामाला जायच्या. मूलबाळ नाही. तो वाटेत मागे राहिला आणि मग दिसलाच नाही, असं सोबतच्यांनी सांगितलं होतं. गावानं त्याचा सोपा अर्थ लावला की बायकोला टाकून गेला. इतकी वर्षं ही बाई तेच ऐकत होती.

त्यांनी डबी घेतली आणि चेपलेल्या जागी बरोबर अंगठा ठेवला.

"झाकण अडकलं व्हतं. मी बत्त्यानं ठोकलं, तवा ही चेप पडली. ही त्यांचीच हाय, साहेब."

अशा डब्या गावोगाव मिळतात, असं मी सुनावलं. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ज्या सुरात म्हणालो त्याची आज लाज वाटते.

आता डीएनए जुळवायचा तर कुणाशी? आईवडील वारलेले, सख्खं भावंड नाही, मूल नाही. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मार्ग सांगितला. पुरुषाच्या डीएनएमधली एक खूण बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळजवळ तशीच उतरते. म्हणजे एका मूळ पुरुषाच्या वंशातला लांबचा चुलताही चालतो. गावात भावकीतले एक चुलते होते, ऐंशीच्या घरातले अप्पा. म्हातारा बिनतक्रार आला, रक्त दिलं, चहा पिऊन गेला. अहवाल आला की खूण जुळत नाही.

मी फाइल बांधायला घेतली. बाई मात्र दर सुट्टीला दोन एसट्या बदलून यायच्या आणि ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायच्या. अहवाल खोटा आहे असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. डबी नवऱ्याचीच आहे, एवढंच म्हणायच्या. एकदा वैतागून मी विचारलं, तुमचा माणूस एवढ्या लांब पायी जायचाच कशाला? आजेसासऱ्यांपासूनचा नेम होता, बाई म्हणाल्या. वणीची वारी भावकीत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, फक्त त्या आजोबांच्या घरात.

हे डोक्यात राहिलं. आजोबांपासून पाहू म्हणून मी त्यांच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलो. तिथल्या लिपिक बाई निवृत्तीला आलेल्या, मोडी सहज वाचणाऱ्या. गावातले जन्म-मृत्यू ज्यात लिहीत ती जुनी कोतवाल बुकं त्यांनी दोन दिवस चाळली. पानं अशी उलटायच्या की भाजलेला पापड उचलतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा काढून म्हणाल्या, "साहेब, अप्पांचे वडील यात आहेत, त्यांची सगळी भावंडं आहेत. तुमच्या माणसाच्या आजोबांचा मृत्यू आहे, जन्म नाही. ते या गावात जन्मलेलेच नाहीत."

आयुष्यभर मी कागदावर काय लिहिलंय ते वाचत आलो. काय लिहिलेलं नाही ते वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

तडक अप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलो. अट्टल गुन्हेगारांना बोलतं केलंय मी, पण म्हातारा अर्धा तास पाऊसपाण्याचंच बोलत राहिला. शेवटी मीच विचारलं, त्याचे आजोबा दत्तक होते का? तेव्हा कुठे बांध फुटला. अप्पांच्या आजोबांच्या भावाला मूल नव्हतं, म्हणून वणीला दिलेल्या बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला होता.

"आमच्या आज्यानं समद्यांना शपथ घातली व्हती. त्याला दत्तक म्हनून कुनी बोलायचं नाय. आजपोत्तर कुनी बोल्लं नाय."

"मग रक्त का दिलंत?"

"तुमी म्हनलात भावकीतलं पायजे. मंग मी भावकीतलाच की."

मी हात टेकले. रागवायचं तरी कशावरून? तीन पिढ्या एका घरानं दिलेला शब्द पाळला होता, आणि त्या शब्दापायीच त्यांचा माणूस बेवारस राहणार होता.

बहिणीच्या सासरचं घराणं वणीत सापडलं. तिथल्या एका गृहस्थांनी रक्त दिलं आणि खूण जुळली. खुणेनं घराणं ठरतं, एकटा माणूस नाही. पण वय, उंची, वणीची वाट आणि ती डबी, सगळं एकत्र मांडल्यावर शंका उरली नाही. अंधारात पाय घसरून तो विहिरीत पडला असावा, असा निष्कर्ष निघाला.

अंत्यसंस्काराला वणीची मंडळीही आली. अग्नी कुणी द्यायचा, असा प्रश्न निघाला. अप्पा काठी टेकत पुढे झाले. "रगत त्यांचं असंल," ते म्हणाले, "पर त्यो आमच्यात वाढला." वणीचे गृहस्थ हात जोडून मागे सरकले. मी टोपी काढून हातात घेतली.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी असा तपास आला की बापाच्या नावानंतर आणखी एक प्रश्न विचारायचो: वाढवलं कुणी? छापील नमुन्यात त्याला रकाना नाही, म्हणून समासात लिहून ठेवायचो.

बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, अहवालाची प्रत. त्यांना वाचता येत नव्हतं. मी लॅमिनेशन करून दिली. पदरानं ती पुसत त्या म्हणाल्या, "दारात येईल त्याला दावीन, साहेब. मला टाकून गेले नव्हते."