बाहेरची कडी

"हिले बी बाहेरून कडी लावू का?" लॉजवाली बाई दाराबाहेर नवऱ्याला विचारत होती.

मी आत खाटेवर बसले होते. नागपूरच्या कॉलेजातून वाशिमला घरी निघाले होते, पण एसटीचा मार्ग बदलला आणि दिवेलागणीला मला मंगरूळपीरला उतरावं लागलं. पुढची गाडी सकाळी होती. स्टँडजवळच्या या स्वस्त लॉजमध्ये दर्ग्यावर आणलेल्या आजारी बायका उतरत. बाहेरची बाधा झालेली बाई झोपेत उठून चालू लागते असं मानत, म्हणून तिच्या दाराला बाहेरून कडी घालत. शेजारच्या खोलीतली बाई भिंतीवर नखं ओढत होती. मी हलले की ती थांबायची.

"नाव पुसलं त नुसती पाहून राह्यली," नवरा म्हणाला. "संगं माणूस बी नाही."

"सोडून गेले असतील. बाजूच्या खोलीतली बी पयल्या दिवशी अशीच गप होती."

"लाव मंग. सकाळी कोन घ्याले येते, पाहू."

माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून लोक हसत, म्हणून खोली मागतानाही मी फक्त किल्लीकडे बोट दाखवलं होतं. आता कडी सरकू लागली. शेजारची बाईसुद्धा गाडी बदलायलाच उतरली असेल का, असं माझ्या मनात आलं. मी उठले. भिंतीवरची नखं थांबली.

"कडी लावू नका," मी म्हणाले. "मला सकाळी वाशिमची गाडी धरायची आहे."