सारसाची दोन अंडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. पोरांना नाही, भावाला नाही. अन् जिला सांगायचं होतं ती भागरता — माझी बायको — यंदा चैतात गेली. आता तुम्हाला सांगून राहिलो. तुम्हालाच काऊन? ते विचारू नका. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, जमते तसं लिहितो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून जेवलो. भात अन् कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांची भाजी. दिवसभर धानातलं निंदण काढून पाय पांढरे पडले होते. माझ्या पोटरीला जळू चिकटली होती, ती तिनं तंबाखू चोळून काढली अन् म्हणाली, "रगत तं गोड दिसते तुमचं. बोलणंच कडू." मी हसलो. त्यानंतर पन्नास वर्षं आम्ही सोबत जेवलो. पण माझ्या पोटात काही लपवलेलं नसताना जेवलो ते तेवढंच, शेवटचं.

आमची बांधी, धानाचं वावर, बोदलकस्याच्या तलावाच्या पारीखाली — पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तवा आमचा जिल्हा भंडारा, अन् राज्य मध्यप्रदेश. त्या पावसाळ्यात सारसाच्या जोडीनं ऐन धानात गवताचा ढीग रचून घर केलं. दोन अंडी. दुसरं कोणी असतं तर ढीग उपटून फेकला असता — धान तुडवते ते पाखरू. भागरतानं मला हात लावू दिला नाही.

अन् मग मुंबईहून तो आला. चित्रं काढणारा. गाव त्याला चितरवाला म्हणायचं. शाळेच्या पडवीत उतरला. म्हणे लहान पोरांसाठी चित्रांचा सिनेमा करायचा आहे, कागदावरचा सारस चालेल, नाचेल. पंखाच्या एका झटक्याला पंचवीस कागद लागतात म्हणे! आम्ही हसलो. पण तो चिखलात रोज येऊन बसायचा. पारीवरचं गवत कसं वाकते, बाया पदर कसा खोचतात, सगळं कागदावर घ्यायचा. अंड्यातून पिल्लू निघताना पाहायचं, एवढ्यासाठी महिनाभर थांबला.

एक दिवस त्यानं विचारलं, सारस नाचते कसं? अंड्यावर बसलेली जोडी काही नाचून दाखवत नव्हती. तर भागरता उठली. पदर खोचला, हात पसरले, मान खाली घातली, गवताची काडी वर फेकली अन् उडी मारली. धुऱ्यावर. परक्या माणसासमोर. मी बैल घेऊन येत होतो, तिथंच थांबलो. चार वर्षं माझ्या घरात होती — अशी हसताना मी तिला पाहिली नव्हती.

विहिरीवर आमच्या गावातला झनक म्हणाला, "काबे, तुया बायकोचं लगन सारसाशी लागलं का चितरवाल्याशी?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो ना! त्याच्या तोंडावर बादली मारायची तर हसलो.

त्यात काही होतं का? नव्हतं. तो तिला ताई म्हणायचा. अन् हे मला मागून कळलं असं नाही — तवाच माहीत होतं. हे नीट वाचा. माहीत होतं.

तीन-चार वर्षांनी तिरोड्याच्या बाजारात पांढरा कपडा बांधून तो सिनेमा दाखवला. आम्ही गाडी जुंपून गेलो. पार आमची, धान आमचं. पाखरू नाचायला लागलं अन् मी ओळखलं — आधी डावा पाय, मग मान, मग काडी. ती भागरता होती. पोरं टाळ्या पिटत होती. मग अंडं फुटलं अन् पिल्लू बाहेर आलं. कोरडं, साफ. लगेच पळालंही. भागरता माझ्या कानाशी म्हणाली, "असं नसते जी. पण त्याचा काय दोष? त्याले पाहाले भेटलंच कुठं."

तवा बोलायचं होतं. मी म्हणालो, "चाल, बैल जुंपतो."

पुढं नातवंडांना ती दर पावसाळ्यात सांगायची, कोल्ह्यानं कशी अंडी खाल्ली, चितरवाला कसा त्याच दुपारी न जेवता निघून गेला. पोरं माझ्याकडं पाहायची. मी मान हलवायचो. ती खाटेला खिळली तेव्हा तर दोन महिने मी उशाशीच होतो. वेळ नव्हता असं कसं म्हणू?

तर ती सकाळ. जळू काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आदल्या दिवशी अंड्यातून चिर्र-चिर्र ऐकू आलं होतं. भागरतानं चितरवाल्याला निरोप धाडला होता, उद्या दिवस निघताना या. मी तांबडं फुटायच्या आधी उठलो. नर चरायला गेला होता, मादी बसून होती. काठी उगारली. ती उठली, पंख पसरून उभी राहिली, पण हटेना. मी तिच्या पंखावर काठी हाणली. ती ओरडत पारीकडं गेली.

पहिलं अंडं टाचेखाली घेतलं. मग दुसरं. दुसऱ्यात हलत होतं. पायाला कळलं मला. तरी पाय उचलला नाही.

टरफलं इकडंतिकडं फेकली. मग उकिडवा बसलो अन् चार बोटं चिखलात दाबत गेलो — कोल्ह्याचे पाय. ढिगापासून धुऱ्यापर्यंत, जवळ जवळ, तो चालतो तसे. पुसट झाले ते पुन्हा दाबले. नाल्यात पाय धुतले अन् घरी गेलो. ती वेणी घालून, दारात तयार बसली होती. मी म्हणालो, "भागरता, चाल लवकर. कोल्ह्यानं घात केला."