जावाला न गेलेले मास्तर

एक अत्यंत गंभीर निवेदन मी प्रथम करतो. वाचकांनी ते शक्यतो उभे राहून वाचावे. परभणी जिल्ह्यातून संगीत शिकण्यासाठी जावा बेटावर आजपर्यंत एकही मनुष्य गेलेला नाही. गंगाखेडहून नाही, पाथरीहून नाही, आणि ज्या मानवतमधून तीन माणसे तब्बल सहा वर्षे निघालेली होती, तिथूनही नाही. त्या तिघांपैकी एक मी, कापडदुकानदार. दुसरे करीमभाई पिंजारी. आणि तिसरे, खरे तर पहिले, शाळेतले गाण्याचे रंगनाथ मास्तर. मास्तर पाच आठवड्यांपूर्वी वारले.

बातमी करीमभाईंनी आणली. मी एका बाईंना लुगडे उलगडून दाखवत होतो. करीमभाई पायरीशी येऊन उभे राहिले, दाढीत कापूस अडकलेला. "गोविंदभाई, दुकान बंद करो," एवढेच म्हणाले. मास्तरांना चार दिवस ताप होता. लुगड्याची घडी करता करता मी दोनदा चुकलो, आणि शेवटी त्या बाईंनीच ते माझ्या हातातून घेऊन नीट ठेवले.

निजामाचे राज्य जाऊन आमची शाळा मराठी झाली, तेव्हा मास्तर गावात आले. बरोबर एक ट्रंक, आणि त्या ट्रंकेत धोतरांत गुंडाळलेले चिनी मातीचे बावीस वाडगे. लोकांना वाटले, माणूस हॉटेल काढणार. मास्तर जलतरंग वाजवायचे. वाडग्यांत कमीजास्त पाणी घालायचे, बोट बुडवून थेंब थेंब काढून सूर लावायचे, आणि मग दोन काड्यांनी असे काही वाजवायचे की माझ्यासारखा बडबड्या माणूसही गप्प बसे. याचे गावाला इतके नवल वाटले की माझी बायको मास्तरांना देवासमान मानू लागली. पुढे त्यांनी मला आणि करीमभाईंनाही सात-सात वाडगे देऊन शिकवले. आमचे 'मंडळ' ते एवढेच.

एके दिवशी वकिलांच्या रेडिओवर मास्तरांनी जावाचे वादन ऐकले. वीस-पंचवीस माणसे वाजवत होती म्हणे. एकाचा ठोका जिथे पडत नाही, नेमक्या त्या जागेत दुसऱ्याचा पडायचा, आणि सगळ्यांचे मिळून एकच गाणे व्हायचे. मास्तर तिथून आले ते वेड लागल्यासारखे. "गोविंदा, तिथे कुणी कुणाच्या पुढे धावत नाही रे," म्हणाले. हे मला उद्देशून होते, कारण मी नेहमी पुढे धावायचो आणि करीमभाई मागे पडायचे. मास्तरांनी वकिलांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतले. पाच महिन्यांनी तिथल्या एका संगीतशाळेचे उत्तर आले. तिघेही या, तीन महिने राहा, शिकवू, जेवू घालू. येण्याजाण्याच्या भाड्याचे तेवढे तुमचे तुम्ही बघा.

ते 'तेवढे' आम्ही सहा वर्षे बघत होतो!

सरकारकडे अर्ज केला. तो हैदराबादला गेला. तिथून विचारणा आली की जलतरंग हे वाद्य आहे की भांडी. आम्ही खुलासा पाठवला. मग त्यांनी जावाचा नकाशा मागवला. नकाशा पाठवला, तोवर राज्यच मोडले आणि आमचा जिल्हा मुंबईकडे गेला. मुंबईने कळवले की जुने कागद हैदराबादहून मागवा. हैदराबादने कळवले की ते मुंबईकडे रवाना झाले आहेत. ते कागद कुठल्या तरी स्टेशनावर अजून बसलेले असतील.

म्हणून आम्ही कार्यक्रम करून पैसे जमवायला निघालो, आणि तिथे तर कपाळावर हात मारून घ्यायची पाळी आली. चांगले वाजवले की लोक माना डोलवायचे आणि म्हणायचे, "एवढं झक्कास वाजवायलाव, अन् शिकायला कशाला जायलाव?" गंगाखेडला तेच, सेलूला तेच. पाथरीला तर एक म्हातारा धनगर सगळा कार्यक्रम उभ्याने ऐकून पुढे आला आणि मास्तरांच्या हातात दोरी देऊन म्हणाला, "मास्तर, पैसे न्हाईत. ही शेळी न्या. बोटीत चहाला दूध व्हईल." दोरीच्या दुसऱ्या टोकाला खरोखरच शेळी होती. तीन जणांच्या कष्टाची पाथरीतली कमाई ती एवढी. घरी आणल्यावर तिने पहिल्याच दिवशी मंद्र सप्तकाचे सगळे पाणी पिऊन टाकले. विकून टाकू म्हटले तर मास्तर म्हणाले, "दिलेली वस्तू विकतात का रे?" मला रडू यायचे बाकी होते.

शेवटी मास्तर कापसाच्या जिनच्या मालकांकडे गेले. गावात त्यांना शेठजी म्हणतात. शेठजींनी पत्र पाहिले, आम्हाला पाहिले, आणि म्हणाले, "मास्तर, कापूस हातात घेतल्याबिगर मी भाव करत न्हाई. तुमाला जे येत न्हाई, ते मला एकदा वाजवून दाखवा. खरंच येत नसलं, तर तिघांचं भाडं माझं."

मी बाहेर येऊन पायताण आपटले. न येणारी गोष्ट वाजवून कशी दाखवायची? पण मास्तर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." ते जावाचे, ठोक्यांच्या मधल्या जागेत ठोका टाकण्याचे वाजवणे आम्ही घटवायला बसलो. घटवायचे म्हणजे काय, मोडेपर्यंत न्यायचे. ते इमानाने दर वेळी चौथ्या आवर्तनाला मोडायचे. मी पुढे, करीमभाई मागे, मास्तर मधे एकटे. मी बेतही केला की मोडल्याबरोबर उठायचे, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचे, "शेठजी, इथं आमचं ज्ञान संपलं!" करीमभाई म्हणाले, "तुम्हारी ज़बान भी वहीं ख़तम हो तो अच्छा."

दुपारी चार वाजता आम्ही जिनमध्ये बसलो. शेठजी गाठींवर टेकून, आजूबाजूला हमाल, मापाडी, वेचणीच्या बाया. शेजारच्या शेडमध्ये इंजिनाचा पट्टा एकसारखा फट-फट चालला होता. पहिले आवर्तन गेले, दुसरे, तिसरे. चौथ्याला मी पुढे धावलो नाही. त्या पट्ट्याने मला धरून ठेवले म्हणा, की आणखी कशाने... करीमभाईंच्या हातात पिंजण्याची लय आली आणि ते मागे पडले नाहीत. पाचवे गेले, सहावे गेले. माझा ठोका कुठला आणि मास्तरांचा कुठला, ते मलाच कळेना. हमालांनी पोती खाली ठेवली होती.

आम्ही थांबलो. आणि लक्षात घ्या, अजून काहीही बिघडले नव्हते! शेठजींना संगीतातले ओ की ठो कळत नव्हते. मोडले असे सांगितले असते, तर मोडले. मी छातीवर हात ठेवून उठलोसुद्धा. पण माझे तोंड उघडायच्या आत आमच्यातलेच कुणीतरी बोलून बसले. शेठजी हसले, उपरणे झटकले, "मग झालं की," म्हणाले आणि पेढीवर निघून गेले. जावा तिथेच संपले. त्यानंतर आम्ही शंभर वेळा बसलो असू. चौथ्या आवर्तनाला मोडले. शंभरही वेळा मोडले.

गाव आजही म्हणते, गोविंदाच्या तोंडाने घात केला. मास्तर स्वतः ज्याला त्याला सांगत, "अहो, तो नव्हे, मीच." पण वर्गात फळ्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलणाऱ्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहून ठेवतो. मास्तर गुडघ्यांवर उठले होते, दोन्ही काड्या डोक्याच्या वर, डोळ्यांतून पाणी, आणि सगळ्या जिनला इंजिनावरून ऐकू जाईल असे ओरडले:

"आलं रे, करीम! हेच ते! आता कशाला जायचं जावाला!"