हिरव्या उजेडाचे येणे-जाणे

भिसेगावातले आमचे घर रुळांच्या इतके जवळ आहे की कर्जत स्थानकात गाडीला मागून इंजिन लागले की मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. बोरघाट चढायला पुढच्या एकट्या इंजिनाचे बळ पुरत नाही. म्हणून जड गाडीच्या शेपटीला इथे आणखी इंजिने जोडतात. ती तिला लोणावळ्यापर्यंत रेटतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी घाट उतरून परत येतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. माझ्या नवऱ्याची सारी नोकरी हे बँकर जोडण्यात गेली. माझी नोकरी खालापूरच्या बाजूला, एका कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना कविता शिकवण्यात गेली. आमची मुलगी दोघांच्याही वाटेला गेली नाही. ती पुण्यात पेशींच्या केंद्रकांचा अभ्यास करते.

गेल्या वर्षी झाडांना कैऱ्या लगडल्या होत्या तेव्हा ती न कळवता घरी आली. ओढणीला फॉर्मॅलिनचा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता आणि पोरगी जेवत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोड आलेले वाल सोलायला घेतले. ती समोर येऊन बसली आणि सोलू लागली. भिजलेला वाल चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि आतला गुळगुळीत दाणा टुणकन परातीत पडतो.

मग ती म्हणाली, "आई, माझं तिसरं प्रकरण खोटं आहे."

ते प्रकरण मला थोडेफार ठाऊक होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात माणसाच्या उंचीएवढा डीएनएचा धागा सामावलेला असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. धागा आणि रिळे मिळून जे बनते ते क्रोमॅटिन. रिळे आपल्या जागी ठाण मांडून असतात. पण त्यांच्याखेरीज कितीतरी प्रथिने या क्रोमॅटिनवर उतरतात आणि धाग्यावरची कोणती ओळ आता वाचायची, कोणती मिटलेली ठेवायची, हे ठरवतात. माझ्या मुलीने त्यांतले एक निवडले होते. त्याला तिने हिरवा उजेड देणारी शेपटी जोडली होती. पेशी विभागायला लागली, क्रोमॅटिन आवळून त्याची जाडजूड गुणसूत्रे झाली, की हे प्रथिन तिथून निघून जाते, असा तिचा निष्कर्ष होता. पुरावा म्हणून दोन वर्षांची छायाचित्रे होती. पेशी फॉर्मॅलिनमध्ये जागच्या जागी थिजवायच्या आणि टिपायच्या. प्रत्येक चित्रात हिरव्या धुक्याच्या मधोमध गुणसूत्रांची काळी, रिकामी आकृती.

"खोटं कसं?"

तिने परात बाजूला सरकवली, हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. "तोंडी परीक्षेत दाखवायला नुसती शोभेची म्हणून फिल्म केली. न थिजवता. जिवंत पेशींची."

मी पाहिले आणि हातातला वाल हातातच राहिला. तसलीच पेशी, विभागणीचा तोच क्षण; पण गुणसूत्रे काळी नव्हती. ती हिरवी उजळून निघाली होती. अंधारात बुद्धविहार दिव्यांनी सजवावा, कडा न् कडा ठळक दिसावी, तशी. प्रथिन कुठेच गेले नव्हते.

"हे कुणी पाहिलंय?"

"कुणीच नाही. तू पहिली." मग खाली पाहत म्हणाली, "नाही दाखवली तरी चालेल गं. ही फिल्म कुणी मागितलेली नाही. आहे तसा प्रबंध दिला तरी पास होईन."

शिक्षिका म्हणून उत्तर माझ्या जिभेवर होते. आई म्हणून मला तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसत होती. मी एवढेच विचारले, "मग फॉर्मॅलिनमध्ये ते जातं कुठे?"

या प्रश्नाने तिचा आवाज बदलला. "ते गुणसूत्रावर बसलेलं नसतंच, आई. येतं, टेकतं, सुटतं, दुसरं येतं. आणि फॉर्मॅलिन सगळं एकदम थिजवत नाही. जे प्रथिन सुटून मोकळं तरंगतं, ते आधी धरलं जातं. धरलेलं परत येऊ शकत नाही. बसलेलं तर घटकाभरही बसत नाही, लगेच सुटतं, तेही धरलं जातं. असं होत होत गुणसूत्र रिकामं. मी त्याला स्थिर करायला गेले आणि मीच त्याला तिथून हुसकलं." मग तिने पुढचे कबूल केले. "दुसऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हे घडतं असं मी वाचलं होतं. माझं तसलं नाही, असं वाटलं मला."

मग तिने दुसरी फिल्म लावली. लेझरने हिरव्या गुणसूत्रावरचा एक ठिपका विझवला होता. आता तिथे बसलेल्या प्रत्येक प्रथिनाचा दिवा कायमचा गेलेला. गुणसूत्रावर काळा डाग पडला. वृत्ते शिकवून शिकवून मला काळ मात्रांत मोजायची सवय जडली आहे. मी नकळत मोजू लागले. आठ मात्रांना डागाची कड पुसट झाली. सोळा मात्रांची एक ओळ पुरी झाली तेव्हा डागात उजेड झिरपला होता. दुसरी ओळ संपेपर्यंत डाग कुठे होता हे सांगता येईना. विझलेली निघून गेली होती, पेटती येऊन टेकली होती, आणि गुणसूत्राची आकृती मात्र तसूभरही हलली नव्हती.

अनित्य हा शब्द मी लहानपणापासून विहारात ऐकत आले. मला तो नेहमी निरोपाचा शब्द वाटे. त्या दुपारी प्रथमच मला त्याची दुसरी बाजू दिसली: जागा सुटते म्हणूनच ती पुन्हा भरते. माझ्या बोटांत, वाल सोलणाऱ्या याच बोटांत, या घटकेला अगणित केंद्रकांत हे चालले आहे, आणि मला त्याचा स्पर्शही जाणवत नाही.

नवरा दारात उभा राहून सगळे ऐकत होता, हे आम्हाला कळलेच नव्हते.

"म्हंजे बँकरच की हा," तो म्हणाला. "पुण्याला जाऊन गाडीचा फोटो काढ. बँकर दिसतो का? नाय दिसत. मग घाट काय गाडी एकटीच चढली?"

"बाबा, दोन वर्षं मी पुण्यालाच फोटो काढत बसले हो."

"तर काय! कर्जतची पोर असून लोणावळ्याला उतरली नाय." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी दोघी वाल सोलताय का साली जमवताय? परातीत निम्म्या सालीच हायेत."

ती हसली. तीन दिवसांनी प्रथमच. हसता हसता डोळे पुसले आणि फोन घेऊन अंगणात गेली. कैऱ्यांखाली येरझाऱ्या घालत ती तिच्या मार्गदर्शक बाईंशी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. मी तिची पावले ऐकत होते. ती थांबली, खूप वेळ थांबली, आणि मग पुन्हा चालू लागली.

आत येऊन म्हणाली, "सहा महिने पुढे गेलं. प्रकरण पूर्ण नव्याने करायचं."

"रागावल्या?"

"म्हणाल्या, फिल्म आत्ताच्या आत्ता पाठव." परातीतल्या साली वेचत तिने विचारले, "बिरडं कधी होणार? भूक लागलीये."

नवरात्र सरल्यावर तिने आम्हाला पुण्याला बोलावले. प्रयोगशाळेच्या दारात तिच्या बाबांनी चपला काढल्या. ती म्हणाली, बाबा, इथे उलट असतं, पायांत घालायचं असतं. आत गार हवेत पडद्यावर एक पेशी विभागायच्या बेतात होती. ही फिल्म नव्हती. ही त्या क्षणी जगत होती. मुलीने कळ दाबली आणि उजळ गुणसूत्रावर काळा डाग उमटला.

मी मात्रा मोजायचे विसरले. डागाच्या कडेला हिरवा कण लकाकल्यासारखा वाटला, मग उजेड पसरत आला. माझा नवरा पडद्याकडे वाकला होता, शेवटचा डबा आणि बँकर यांच्यामधल्या अंधारात वाकावे तसा, आणि जोड बसल्यावर गार्डला ज्या सुरात सांगायचा त्याच सुरात हळूच म्हणाला, "लागला."

"तिसरं प्रकरण," मुलगी म्हणाली, "इथून सुरू होतं."