निळ्या सुतळीची खुर्ची

आमचा मामा गरिबी मोजायचा. सरकारी नोकरीच तशी होती. घरोघर जायचं, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, पंखा आहे का, खुर्ची आहे का, हे पाहून फॉर्मवर खुणा करायच्या. एका खुणेला एक गुण, आणि बाराच्या वर गुण गेले की ते घर गरिबांच्या यादीतून बाहेर. मामा अगदी नाकासमोर चालणारा. "दिसेल ते लिहायचं, पदरचं घालायचं नाही," म्हणायचा.

एका गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एकट्या बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. एका पायाला निळी सुतळी गुंडाळलेली. मामाने खूण केली. शेजारच्या घरात गेला, तर तिथेही खुर्ची, पायाला निळी सुतळी. मागच्या दाराने ती त्याच्या आधी पोचत होती. पाच घरांत मामा तिच्यावरच बसला आणि पाचही फॉर्मवर खूण केली.

घरी त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. "म्हणजे एका खुर्चीने गल्लीची गरिबी हटवली," मी म्हणालो. सगळे पोट धरून हसले. आजही ते आठवलं की लाज वाटते.

तीन महिन्यांनी त्या बाई ऑफिसात आल्या. त्यांचे तेरा गुण भरले होते आणि स्वस्त धान्य बंद झालं होतं.

"साहेब, खुर्ची पलीकडच्या न्हाव्याची. तुमच्यासाठी मागून आणलेली."

"मग तेव्हाच सांगायचं ना, बाई."

"दारी आलेल्या माणसाला कसं सांगू, तुम्हाला बसायला आमच्याकडे काही नाही म्हणून?"

मामा त्यांचा फॉर्म घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. अहवाल छापून झाला होता. गरिबी घटल्याचा तक्ता भिंतीवर लागला होता. "पुढच्या पाहणीत बघू," साहेब म्हणाले. पुढची पाहणी पाच वर्षांनी.

तेव्हा मामाने ती गल्ली मुद्दाम मागून घेतली. बाईंच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं. न्हावी लगबगीने खुर्ची घेऊन आला.

"बसा साहेब. बाई गेल्या, दोन वर्षं झाली. धान्य बंद झालं तशा खंगतच गेल्या. आम्ही द्यायचो, पण त्या घ्यायच्या नाहीत."

मामा बसला नाही.

हे त्याने मला निवृत्त झाल्यावर सांगितलं. मी समजूत काढायला गेलो, "फॉर्ममध्ये खुर्ची कोणाची, हा प्रश्नच नव्हता ना?"

"नव्हता," मामा म्हणाला. "पण दुसऱ्या घरातच मला कळलं होतं रे. चार पावलं मागे जाऊन एक खूण खोडायची होती."