आठशे नावांची हजेरी

कॉम्प्युटर रूममध्ये वर्षं काढली की किस्से साचतात, एसीच्या खालच्या बादलीत पाणी साचावं तसे. रोह्याच्या आमच्या कंपनीतले ऐकून लोक हसतात. अर्ध्यापर्यंत मीही हसतो.

*

गेटवर कार्ड घासलं की सर्व्हरवर हजेरी लागायची. एका सकाळी स्क्रीनवर आलं, 'आउट ऑफ मेमरी'. गेटवर अख्खी शिफ्ट ताटकळली! मॅनेजर धावत आले. "मेमरी संपली म्हणजे? स्टोअरमधून मागवा की!"

मी चिठ्ठी पाठवली. स्टोअरकीपरने फ्लॉपीचा डबा पाठवला!

*

मुंबईहून इंजिनियर आला, मेमरीची नवी पट्टी बसवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! आमच्या कॉम्प्युटर रूमचे साहेब, पेणचे पाटील, दोन दिवस मॅन्युअल घेऊन बसले. मग म्हणाले, "मशीनमध्ये जागा हाय रे. पण हजेरीच्या प्रोग्रामला सांगून ठेवलंय, आठशे नावांपुरतीच मेमरी घ्यायची. पुढं जायचं नाय."

प्रोग्राम लिहिणारे दुकान बंद करून गेलेले. आकडा बदलणार कोण? मग ठरलं, नवं नाव घालायचं तर एक जुनं काढायचं.

*

आधी रिटायर झालेल्यांची काढली. कासूचे एक काका सवयीने गेटवर आले, कार्ड घासलं. लाल दिवा!

"बिघडलंय काय?"

"नाय काका, तुम्ही रिटायर झालात."

काका हसले. कार्ड माझ्या हातात देऊन स्टेशनकडे चालू लागले. चहासुद्धा घेतला नाही.

*

मग निडीचा धर्मा भोईर हायवेवर अपघातात गेला. बॉयलरवर होता, डबा माझ्यासोबत खायचा. कंपनीने त्याच्या बायकोला, अनुसयावैनींना, कॅन्टीनमध्ये घेतलं. त्यांचं नाव घालायला बसलो, तर आठशे पूर्ण. काढण्यासारखं एकच नाव होतं.

"काढ," पाटीलसाहेब म्हणाले.

माझं बोट चालेना. साहेबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि चष्मा पुसत बसले.

वैनी दारातच उभ्या होत्या. "काय अडलंय, भाऊ?"

खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं.

"त्यांचं नाव कुठं हाय? दाखव."

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इंग्रजीत हाय, वैनी."

"मग वाच."

"धर्मा बाळू भोईर. बॉयलर."

वैनींनी पदर सावरला. "ऱ्हाऊ दे त्यांचं. माझं नको घालूस. मी त्यांच्याच कार्डावर येईन."